पान सातवरची चूक

आमचं केंद्र म्हणजे एका बंद पडलेल्या शिलाई कारखान्याचा वरचा मजला. खाली टायरचं दुकान, वर साहित्य. एक मोठी खोली, तिच्यात चाळीस खुर्च्या, त्यांतल्या सहा डुगडुगणाऱ्या. शेजारी पुस्तकांची खोली, आणि जिन्याच्या तोंडाशी माझं टेबल. मी इथली व्यवस्थापक. सगळे मला नुसतं 'बाई' म्हणतात.

दर डिसेंबरात आम्ही आठ पानांचं एक पत्रक काढतो. पहिल्या चार पानांत वर्षभराच्या बातम्या: कथालेखनाच्या वर्गाला किती जण आले आणि किती टिकले, कविता वाचायला कोण आलं, छत कुठे गळलं. पाच आणि सहा या पानांवर 'यंदा आवडलेलं'. प्रत्येक सभासदानं एकच गोष्ट सुचवायची. पुस्तक, नाटक, सिनेमा, गाण्याचा कार्यक्रम, काहीही चालेल, पण सहा ओळींत. सातव्या पानावर त्या वर्षी गेलेले सभासद आणि आठव्यावर पुढचे कार्यक्रम. खरं सांगायचं तर लोक पत्रक उघडतात ते थेट पाचव्या पानावर.

हे पत्रक पंचवीस वर्षं वेलांटीकाकांच्या नजरेखालून गेलं. त्यांचं हे नाव कुणी पाडलं ते आठवत नाही, पण का पडलं ते आठवतं. एकदा आम्ही पाहुण्यांसाठी फळ्यावर 'हार्दीक स्वागत' लिहिलं होतं. पाहुणे जिना चढत होते आणि काका स्टुलावर उभे राहून ती वेलांटी पुसत होते. पाहुण्यांनी दारात थांबून त्यांना खडू दिला.

काकांनी एका छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. औषधांच्या पत्रिका, शाळेची पुस्तकं, कादंबऱ्या, लग्नाच्या पत्रिका. ओळीखाली लाकडी पट्टी ठेवून ते आधी सरळ वाचायचे, मग शेवटच्या शब्दापासून उलटं. "अर्थाच्या नादी लागलं की चूक निसटते, बाई," असं मला सांगायचे. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे रोजच येऊ लागले. स्वतःच्या अकरा कथांची एक फाईल त्यांच्या पिशवीत कायम असे. वीस वर्षं ते त्या कथा सुधारत होते. एक शब्द बदलायचा, दोन महिन्यांनी जुना परत आणायचा. काकू एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे दोन गोष्टी कधी तयार होत नाहीत. यांचं पुस्तक आणि बाहेर निघायला हे."

दोन गल्ल्या सोडून घड्याळदुरुस्तीचं एक दुकान होतं. दोन भाऊ एकाच टेबलाशी, एकाच दिव्याखाली बसत. थोरला कुणाशी बोलत नसे. धाकटा बोलायचा. तो आमचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला म्हणून आला. आत लेखनाचा वर्ग चालू होता. स्क्रू पिळता पिळता त्यानं तो सगळा ऐकला आणि पुढच्या गुरुवारी, त्याच्या दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी, वर्गात येऊन मागच्या रांगेत बसला. दुरुस्तीच्या पावत्यांच्या पाठीवर त्यानं एक गोष्ट लिहून आणली होती. एक बाई नवऱ्याचं घड्याळ दुकानात आणते आणि सांगते, चालू करू नका, नुसतं पुसून द्या. एवढीच. वाचून झाल्यावर खोलीत कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही.

शुद्धलेखन मात्र भयंकर होतं. ओळीत तीन-तीन चुका. काकांनी पावत्या ताब्यात घेतल्या आणि म्हणाले, "अहो घड्याळवाले, तुमचा कान चांगला आहे. हात माझ्या ताब्यात द्या."

तेव्हापासून सात वर्षं दर गुरुवारी हे दोघे खिडकीपाशी बसत आणि एकेका शब्दावरून भांडत. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं ते त्यांनाही कळलं नसेल. काकांचे मुलगे परदेशी होते, घड्याळवाल्याची बायको लवकर गेली होती आणि मुलगी लग्न होऊन लांब राहत होती. एकमेकांशिवाय दोघांचं पान हलत नसे. मग एका छोट्या प्रकाशकानं घड्याळवाल्याचं पुस्तक काढलं. चौदा गोष्टी, शहाण्णव पानं. प्रुफं अर्थात काकांनी पाहिली, तीन वेळा. पहिल्या पानावर एक ओळ होती: 'ज्यांनी माझ्या वेलांट्या सरळ केल्या, त्यांना.'

त्या डिसेंबरात मी 'यंदा आवडलेलं'साठी मजकूर गोळा करत होते. काका जे सुचवत त्याला आमच्याकडे वजन होतं. लोक ती नावं चिठ्ठीवर लिहून घेत आणि पुस्तकांच्या दुकानात जाऊन मागत. माझी खात्रीच होती. पण काकांनी कागद दिला त्यावर एका जाडजूड जुन्या प्रवासवर्णनाचं नाव होतं. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते आधीच वाचलेलं होतं.

मी विचारलं, "काका, घड्याळवाल्यांचं पुस्तक नाही?"

"मित्राचं पुस्तक मित्रानंच सुचवणं बरं दिसत नाही, बाई. त्यातून प्रुफं मी पाहिलेली."

मला ते सरळ माणसाचं बोलणं वाटलं. मी वाद घातला नाही. आणि बाकीच्यांनी, काका सुचवतीलच असं धरून, आपापलं दुसरंच काही दिलं होतं.

पत्रक वाटायच्या दिवशी घड्याळवाला नवा शर्ट घालून आला होता. त्यानं पाचवं पान वाचलं, सहावं वाचलं, परत पाचव्यावर आला. मग पत्रकाची घडी करून खिशात ठेवली. "छान छापलंय," असं मला म्हणाला आणि चहा न घेता गेला. पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काका खिडकीपाशी समोरची खुर्ची धरून बसायचे. कुणी ती ओढायला आलं की म्हणायचे, "येतोय तो." महिनाभरानं त्यांनी तेही म्हणणं सोडलं.

मी त्यांना एकदा म्हटलं, दुकान काही लांब नाही, जाऊन या ना. ते गेलेही होते, हे मला फार नंतर कळलं. कोपऱ्यापर्यंत गेले, दिव्याखाली दोन वाकलेली डोकी दिसली आणि तिथूनच परत फिरले. मग त्या गल्लीतून जाणंच त्यांनी टाळलं. भाजी आणायलासुद्धा वळसा घालून जात. हातातलं घड्याळ बंद पडलं तेव्हा दुसऱ्या कुणाकडे देववेना, त्याच्याकडे नेववेना. त्यांनी घड्याळ वापरणंच सोडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारू लागले.

बारा वर्षं अशी गेली. बोलाचाली झाली नव्हती, भांडण झालं नव्हतं, त्यामुळे मिटवायचं काय हेही कुणाला सांगता आलं नसतं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी केंद्रात फोन वाजला. त्या गल्लीतला कुणी दुकानदार होता. "बाई, आपले घड्याळवाले गेले हो आज पहाटे." माझ्यासमोर तेव्हा टेम्पोतून नव्या खुर्च्या उतरत होत्या आणि हमाल विचारत होते, कुठे ठेवू. मी "अरेरे" म्हटलं, कळवल्याबद्दल आभार मानले आणि फोन ठेवला. कोणते घड्याळवाले, हे मी विचारलं नाही. आमच्या लेखी घड्याळवाला एकच होता. थोरला भाऊ आमचा जिना कधी चढलाच नव्हता.

काका आले तेव्हा मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कधी?"

"आज पहाटे."

"बरं," असं म्हणून ते खिडकीपाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं मी म्हटलं, "भेटायला जायचं का? मी येते बरोबर."

"कुणाला भेटायचं? तो तर गेला. भावाशी माझी ओळख नाही."

मीही मग गेले नाही. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, तिसऱ्या दिवशी आणखी काही निघालं आणि ते राहूनच गेलं. यात माझा वाटा एवढा आहे, आणि तो थोडा नाही.

घरी काय झालं ते काकूंनी मला सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "अहो, जाऊन या. बारा वर्षं नाही गेलात, आज तरी जा."

"आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच तोंडानं. दुसरं कुठून आणणार?"

काकांनी बूट घातले. दाराजवळच्या खुर्चीवर अर्धा तास बसले. मग बूट काढून ठेवले आणि आत गेले.

पान सातचा मजकूर एरवी मी लिहिते. प्रत्येकाच्या तीन ओळी. या वेळी काका म्हणाले, "त्याचं मी लिहितो." चार दिवसांनी त्यांनी दोन कागद आणून दिले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचा एकही खाडाखोड नसलेला कागद मी पाहिला नव्हता. यात एक शब्द खोडलेला नव्हता.

त्यांनी लिहिलं होतं: 'त्याचं पुस्तक आलं त्या वर्षी मी ते सुचवलं नाही. मैत्री आड येते असं कारण मी दिलं. ते खरं नव्हतं. त्या वर्षी मी त्याहून चांगलं काही वाचलं नव्हतं आणि त्यानंतरही फारसं वाचलेलं नाही. मी वीस वर्षं माझ्या कथांना धार लावत बसलो आणि या माणसानं घड्याळं उघडता उघडता चौदा गोष्टी लिहून टाकल्या. मला ते सहन झालं नाही. त्यातली नवऱ्याचं घड्याळ पुसून मागणारी बाई मला रोज आठवते. ज्यांना पुस्तक मिळेल त्यांनी वाचावं. मी हे बारा वर्षं उशिरा सुचवतो आहे.'

मी वाचून त्यांच्याकडे पाहिलं. "असंच छापू?"

"असंच. तुम्हीच तपासा. मला नाही जमायचं."

पाचव्या पानावर त्या वर्षी त्यांच्या नावापुढे एवढंच होतं: 'पान सात पाहावे.' पत्रक छापलं, तीनशे प्रती टपालानं आणि हातोहात गेल्या. जुन्या सभासदांच्या यादीतून मी घड्याळवाल्याचं नाव काढलं नव्हतं. माझ्याच आळसानं एक प्रत त्या दुकानाच्या पत्त्यावरही गेली.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, दर दोन पायऱ्यांनी थांबत. मी वर पाहिलं तर दारात घड्याळवाला. केस पांढरे, अंगानं निम्मा, पण तोच.

"बाई, मी गेल्याचं कळलं म्हणून आलो," तो म्हणाला.

मी उभी राहिले, परत बसले. त्यानंच खुर्ची ओढली. ती डुगडुगणारी निघाली, त्यानं बदलून दुसरी घेतली.

"भाऊ गेला माझा. थोरला. पंचावन्न वर्षं शेजारी बसला होता," तो म्हणाला. "तुमच्याकडून कुणीच फिरकलं नाही तेव्हा वाईट वाटलं होतं. आता कळलं, तुम्ही माझ्याच दुःखात होतात."

मी माफी मागितली. किती वेळा मागितली ते सांगता येणार नाही. तो हात हलवून "असू दे, असू दे" म्हणत राहिला. मग म्हणाला, "तो येतो का अजून?"

मी काकांच्या घरी फोन लावला. "काका, लगेच या. पत्रकात चूक झालीय. पान सात." दुसऱ्या कशासाठीही ते इतक्या लवकर आले नसते. वीस मिनिटांत धापा टाकत वर आले, खिशात लाल पेन, आणि दारातच थांबले.

शेवटी काकांनी विचारलं, "कसा आहेस?"

"तू लिहिलंयस तसा." घड्याळवाल्यानं खिशातून पत्रक काढलं. "डोळे गेलेत माझे. मागचा पडदा खराब झालाय. हे भिंग डोळ्याला लावून एकेक अक्षर वाचलं. दोन दिवस लागले. का रे, हे लिहायला मी मरायलाच हवं होतं का?"

काका समोर बसले. मग म्हणाले, "हो. तसंच दिसतंय."

"भाऊ गेला तेव्हा दाराकडे बघत होतो. वाटलं, आज तरी येशील."

"मला वाटलं, तूच..."

"ते कळलं रे. पण मी गेलो असं धरलंस, तरीही आला नाहीसच ना?"

काकांनी मान खाली घातली. मी चहा करायला म्हणून उठले, कारण तिथे बसवेना. भिंत पातळ आहे, ऐकू सगळं येत होतं.

"दुसरं पुस्तक कुठवर आलंय?" काका विचारत होते.

"कुठलं दुसरं?"

"तेव्हा म्हणायचास, आणखी दहा-बारा गोष्टी डोक्यात आहेत."

"होत्या. तुला पहिलं आवडलं नाही म्हटल्यावर लिहून काय करू? मला वाचणारा तू एकच होतास. बाकी लोक चांगलं म्हणाले असते तरी मला कुठे कळणार होतं ते खरं की खोटं?"

मी चहा घेऊन आले तेव्हा काका खिडकीबाहेर बघत होते आणि घड्याळवाला त्यांच्याकडे.

दुरुस्तीची चिठ्ठी छापायचा हट्ट काकांचाच. पंचवीस वर्षांत आमच्या पत्रकाला ती कधी लागली नव्हती. मजकूरही त्यांनी दिला: 'पान सातवर घड्याळवाले गेल्याचे छापले आहे. ते हयात आहेत. त्यांचे थोरले बंधू वारले, केंद्र त्यांच्या दुःखात सहभागी आहे. पान सातवरील बाकी सर्व मजकूर बरोबर आहे.' मी आणि काकांनी मिळून तीनशे लिफाफ्यांवर पत्ते लिहिले.

त्यानंतर लोक पुस्तक मागायला येऊ लागले. रोज दोन-तीन तरी. काहींनी दुकानं पालथी घातली होती. प्रकाशकानं केव्हाच गाशा गुंडाळलेला. मी घड्याळवाल्याला विचारलं, तर त्यानं सहज सांगितलं, "माझ्याकडे चाळीसेक प्रती होत्या, खालच्या खणात. भाऊ गेल्यावर दुकान आवरलं ना, तेव्हा रद्दीत दिल्या. कुणाला हव्या होत्या?" नोव्हेंबरातली गोष्ट. पत्रक निघायच्या तीन आठवडे आधीची. काका हे ऐकत होते. ते उठून पुस्तकांच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आता पुस्तकाची माहितीतली एकच प्रत उरली, काकांची. ती त्यांनी केंद्राला दिली. वाचायला नंबर लावावा लागतो.

दोघांचे गुरुवार पुन्हा सुरू झाले, पण पूर्वीसारखे नाहीत. भांडायला विषय नव्हता. आधी तब्येतीचं बोलणं व्हायचं, मग औषधांचं, मग दोघे गप्प. एकदा मी ऐकलं, काका म्हणत होते, "तू सांग, मी लिहून घेतो. डोक्यातली एक तरी निघेल." घड्याळवाला हसला, पण पुढच्या खेपेला त्यानं सुरुवात केली. एका माणसाची गोष्ट. परगावी त्याची नोकरी सुटते आणि शेजाऱ्यांकडून गावाकडच्या आईला कळू नये म्हणून तो रोज सकाळी पूर्वीसारखाच डबा भरून निघतो, एवढं मला आठवतं. काका लिहीत होते, एकदाही मध्ये बोलले नाहीत, एकही शब्द सुधारला नाही. चार पानं झाली. आई त्याला भेटायला निघते, गाडीत बसते, इथपर्यंत आलं आणि घड्याळवाला थांबला.

"पुढे?"

"थांब." तो कपाळ चोळत बसला. "होतं रे पुढचं. शेवट फार छान होता. तेव्हा सगळं डोळ्यांसमोर होतं."

"आठव सावकाश. घाई नाही."

पुढचा गुरुवार गेला, त्याच्या पुढचाही. त्याला आठवलं नाही. काका दर वेळी शेवटचं पान वाचून दाखवायचे, आई गाडीत बसते इथपर्यंत, आणि पेन उचलून थांबायचे. मार्चमध्ये मुलगी येऊन वडिलांना आपल्या गावी घेऊन गेली. डोळे असे, एकटं ठेवणार कसं? काका निरोप द्यायला स्टँडवर गेले. या वेळी गेले.

आता ते दोघे रविवारी फोनवर बोलतात. काकूंना त्याचं कौतुक वाटतं. काका मात्र मला परवा म्हणाले, "बाई, त्यानं माफ केलंय मला. ते मला कळतं. पण दहा गोष्टी गेल्या हो. त्या कुणाकडून आणू?" मी टेबलावरचे कागद सारखे केले.

यंदाच्या पत्रकाची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा मी त्या चार पानांबद्दल विचारलं. काका नाही म्हणाले. अपुरी गोष्ट छापायची नसते. मी म्हटलं, मग तुम्ही पूर्ण करा. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी विषय बदलला. तरी रविवारी त्यांनी फोनवर त्याला विचारलंच. मी शेजारी होते, आवाज मोठा ठेवला होता.

"अरे, छाप की," घड्याळवाला पलीकडून म्हणाला. "लोकांना वाटेल, जागा संपली."

काका हसले. मग फोन माझ्या हातात देऊन चष्मा पुसायला लागले.